फत्तूजींनी तलाव जेवू घातला

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालण्याआधी एका माणसाची जमेची बाजू मांडून घेऊ. माणूस म्हणजे खैरबोडीचे फत्तूजी कापगते. त्यांनी महादेवाला नवस बोलला — नातू होऊ दे. आता नवस फळला, तर फत्तूजींच्या पदरात काय काय पडणार? नातू तर पडणारच. वर पुण्य. शिवाय गावजेवणात पहिल्या पंगतीचं पहिलं पान. आणि घाटाच्या पायरीवर नाव कोरायचं, तेही त्यांनी मनातल्या मनात कोरून ठेवलं होतं — अक्षरं जरा ठळकच! म्हणजे देवाकडं गेलेला हा भक्त हात जोडून गेला खरा, पण जोडलेल्या हातांत पिशवी होती!

हसू नका. तुमची पिशवी कुठं आहे, ते मी मघाशी बघितलंय.

तर आजचा सवाल असा — देवाला दिलेलं जास्त होतं का? मूठभर दिलं तर मूठभर पुण्य, मग टोपलंभर दिलं तर टोपलंभर पुण्य लागायला हवं की नको? हिशोबानं सांगा! बघा, अर्ध्या माना उभ्या हलल्या, अर्ध्या आडव्या. आणि खांबाला टेकलेल्या त्या काकांची मान तर दोन्हीकडं हलली — ती झोपेची! जागे करा त्यांना. म्हणा माझ्याबरोबर, धाला म्हणजे तृप्त झाला —

घास घातला, देव धाला ।
रास घातली, नास झाला ॥

हे खैरबोडी आहे पूर्वेकडं, धानाच्या मुलखात. तिकडं गावागणिक तलाव. वाडवडिलांनी पाळ बांधून पाणी अडवलं, पाळीवर महादेव बसवला आणि सांगून गेले — बाबांनो, पाणी राखा. खैरबोडीच्या महादेवाची पिंड म्हणे ढिवराच्या जाळ्यात सापडली, त्याच तलावात. म्हणून त्या गावाची रीत जगावेगळी. नवस फेडायचा तो देवळात नाही, पाण्यात! नव्या तांदळाची एक मूठ घ्यायची, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि हात जोडून सोडायची. मासे येतात, खातात, देव पावतो. दुसरी रीत — लेकराचं जावळ काढायचं ते अखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आधी तलावाच्या पाण्यानं अंघोळ, मग न्हाव्याचा हात. त्याआधी कात्री लावली तर नवस अर्धवट, आणि अर्धवट नवस लेकराला भोवतो — अशी गावाची पक्की समजूत.

आता फत्तूजी कोण? धानाची गिरणी त्यांची. धान उकडून त्याचा उसना तांदूळ करायची भट्टी त्यांची. तलावात जिकडून पावसाचं पाणी येतं, तिकडची सगळी शेतं त्यांची. अशा माणसानं देवाला मूठ द्यायची? छे!

"मूठ तर सुखदासही देते!" फत्तूजी म्हणाले. सुखदास म्हणजे गावातला ढिवर, मासेमारांच्या सोसायटीचा अध्यक्ष. "म्या रोज टोपलंभर देईन. नातवाचं जावळ निघेपर्यंत!"

आणि मंडळी, नातू झाला! गोरागोमटा, डोक्यावर जन्मतःच कुरळं जावळ. फत्तूजींचा आनंद पाळीत मावेना. रोज सकाळी टोपलं निघालं — शिजवलेला भात, त्यावर गूळ, त्यावर तूप. पुढं फत्तूजी, मागं गडी, गड्याच्या डोक्यावर टोपलं. सगळ्या गावाला दिसेल अशा वाटेनं! जवळची वाट होती हो, पण त्या वाटेवर कोणी राहत नव्हतं!

मासे खूश. गाव थक्क. आणि थक्क झालेलं गाव गप्प बसतं का? शेजाऱ्यानं परातभर टाकलं, त्याच्या शेजाऱ्यानं दोन पराती. कोणी दूध ओतलं, कोणी लाडू सोडले. हारांचे ढीग, निर्माल्याच्या पिशव्या — पिशवीसकट! बायकांनी धुणं आणलं, पोरांनी म्हशी आणल्या, म्हशींनी जे आणायचं ते आणलं.

मग उन्हं तापली आणि एके दिवशी फत्तूजींनी टोपलं रिकामं केलं, तर भात बुडेना! पाण्यावर हिरवी साय धरलेली. साय कसली, गोधडीच! भात गोधडीवर बसून राहिला, जसा पाहुणा ओसरीवर बसतो — आत कोणी बोलावीना!

शेवाळ! कुठून आलं? कोणी म्हणालं, वरच्या गावानं सोडलं. कोणी म्हणालं, कोणाची तरी दृष्ट लागली. मंडळी, शेवाळ कुठूनही आलं नाही. ते होतंच. माणसाच्या मनात जशी हाव, तसं पाण्यात शेवाळ — बारीक, डोळ्याला न दिसणारं, आपल्या जागी गप्प. त्याला काय लागतं? ऊन लागतं, थांबलेलं कोमट पाणी लागतं आणि खायला लागतं. ऊन सूर्य देतो. पाणी पाळीनं थांबवलंय. आता खायला कोण घालतं, ते सांगा!

युरियाच्या पोत्यात काय असतं? बोला, शेतकरी आहात ना! नत्र. आणि डीएपीच्या? नत्र आणि स्फुरद. शाबास! ज्यानं धान तरारतं, त्यानंच शेवाळ तरारतं. फत्तूजी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खत टाकायचे ते सढळ हातानं — एक पोतं सांगितलं तर दोन. पहिल्या जोराच्या पावसात त्यातलं अर्धं वाहून तलावात. फत्तूजी म्हणायचे, खत माझ्या शेतात टाकलं. अहो, पाण्याला सातबारा वाचता येत नाही! वर धान उकडलेलं पाणी नालीनं तलावात, गोठ्याचं पाणी तलावात, भाताचं टोपलं तलावात. म्हणजे शेवाळाला न्याहारी शेतातून, दुपारचं जेवण गिरणीतून आणि रात्रीचा नैवेद्य प्रत्यक्ष मालकाच्या हातून! जावयाचीसुद्धा इतकी सरबराई होत नाही. जावई एका महिन्यात उठून तरी जातो!

फत्तूजींनी मात्र ह्याचा अर्थ काय लावला?

"देव उपाशी हाय!" ते म्हणाले. "दोन टोपले करा!"

केली दोन टोपली. शेवाळ दुप्पट झालं. पाण्याला वास सुटला. न्हायला उतरलेल्या पोरांच्या अंगावर खाजरे चट्टे उठले, आणि एका गाईनं हिरव्या काठाचं पाणी प्यायलं ती थरथरत बसली. अखाजी जवळ आली. तेव्हा घरातून पहिला आवाज उठला — सुनेचा. वैजयंती नाव तिचं, साकोलीची. बोलणं मऊ, पण मऊ भाकरीत खडा निघावा तसं!

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "माह्यं लेकरू म्या त्या पाण्यात घालत नाही."

"देवाचं पाणी हाय ते!"

"मंग देवालेच आधी आंघोळ करून दाखव म्हणा."

फत्तूजी लाल झाले, पण आतून घाबरले ते वेगळ्याच कारणानं. मंडळी, इथं जरा गंमत बाजूला ठेवा. माणूस दिखाऊ होता, पण आजोबा खरा होता. पाणी साफ नाही झालं तर जावळ निघणार नाही. जावळ नाही निघालं तर नवस अर्धवट. आणि अर्धवट नवस... पाळण्यात झोपलेल्या त्या कुरळ्या डोक्याकडं फत्तूजी ताट तसंच ठेवून बघत बसायचे. त्या माणसाला पायरीवरचं नाव आता आठवतही नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं — पाणी साफ व्हावं आणि लेकराला काही होऊ नये.

आणि घाबरलेला माणूस काय करतो? दुकानात जातो! खताच्या दुकानदारानं सांगितलं, "मोरचूद टाका. निळी जादू! शेवाळ दोन दिवसांत साफ."

"किती टाकू?"

"जितकं जास्त तितकं चांगलं!"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा मंडळी. मग ते दुकानदारानं म्हटलेलं असो, नाहीतर कीर्तनकारानं!

भर दुपारी पोती रिकामी झाली. सुखदास पाळीवरून ओरडत आला, "फत्तूजी, थांबा जी! सोसायटीले इचारलं का?" पण तोवर पाणी निळं-हिरवं झालं होतं. आणि खरोखर शेवाळ मेलं! तपकिरी होऊन खाली बसलं. मधून मधून पाणी चमकायला लागलं. फत्तूजींनी पेढे वाटले. पहिला पेढा सुनेला.

"पाह्यलं?"

"पाह्यते, मामाजी," ती म्हणाली. पेढा मात्र तिनं हातातच ठेवला.

मेलेलं शेवाळ जातं कुठं? सांगा बरं! तळाला जातं आणि कुजतं. कुजायला हवा लागते, पाण्यात विरलेली. ती हवा कोणाची? माशांची! घरात दहा माणसं झोपावीत, दारंखिडक्या बंद कराव्यात आणि मधोमध शेगडी पेटवावी — तसं झालं माशांना. त्यात मोरचुदाचं विष वेगळं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळा काठ पांढरा. रोहू, कतला, मरळ, सगळे उताणे. ढिवरांच्या बायका काठाला उभ्या. कोणी रडत नव्हतं. रडण्याच्या पलीकडं गेलं की माणूस नुसतं मोजत राहतो, तसं त्यांचं चाललं होतं.

सुखदास फत्तूजींच्या दारात आला. ओरडला नाही. म्हणाला, "तुमचा नातू जगो फत्तूजी, म्हतारा होऊन जगो. पण आमचे मासे तुमच्या नवसात नव्हते जी."

फत्तूजींनी तोंड उघडलं आणि काय म्हणाले? "बायका धुणं धुतात ना, साबणानं झालं ते!"

वाहवा! शेवाळ तळाला बसतं, पण माणसाची चूक कशी दुसऱ्याच्या अंगणात तरंगते बघा! सुखदास परत गेला आणि त्या दिवसापासून ढिवरवाड्यातून कोणी फत्तूजींना रामराम घालीना.

आठवडाभरात शेवाळ परत आलं. येणारच! खाणारे मासे मेले, ताट तर तसंच वाढलेलं होतं!

आता ऐका, सुनेनं काय केलं. एका सकाळी गोठ्यात गडबड. फत्तूजींचे बैल डोणीत तोंड घालतात, फुर्र करतात आणि बाहेर काढतात. फत्तूजी धावले. बघतात तर दगडी डोणीतलं पाणी हिरवंगार, वर भाताची शितं, वास असा की माशीसुद्धा लांबून जाईल!

"कोनं केलं हे? कोन्या गाढवानं माह्या डोणीत भात कालवला?"

"म्या," दारातून आवाज आला. सून उभी, कडेवर लेकरू.

"काहून?"

"बैलाईले पुण्य लागावं म्हणून. रोज थोडा भात, चिमटीभर युरिया आन् आपल्या भट्टीचं थोडं पाणी."

"अवो, बैलं तोंड लावून नाही राह्यले ना!"

"कमी पडलं असंन मामाजी. उद्यापासून दोन टोपले टाकते."

मंडळी, फत्तूजींना टोला कळला. पण गिरणीचा मालक तो, इतक्यात हार मानतो होय? म्हणाले, "हे उन्हानं झालं! उन्हात पाणी नासतेच."

सुनेनं डोणीशेजारच्या माठावरचं फडकं बाजूला केलं. "हा बी रोज उन्हातच उघडा होता, मामाजी. आताच झाकला. त्याच दिवशी भरला, त्याच विहिरीचा. फक्त ह्याले कोनं पुण्य नाही दिलं."

माठातलं पाणी? तळाची रेघनरेघ दिसावी असं!

फत्तूजी डोणीच्या काठावर बसले. बैल त्यांच्याकडं बघतायत, ते पाण्याकडं बघतायत. हिशोबाचा माणूस. शिव्या दिल्या तर उलटून शिव्या देईल, पण बेरीज समोर आली की तिला नाही म्हणता येत नाही. खताचं पोतं, गिरणीची नाली, गोठा, टोपलं — एकेक आकडा खाली खाली येत गेला आणि शेवटी रेघेखाली एकच नाव उरलं. त्यांचं.

"पण वैजू," ते म्हणाले, आणि आवाज असा की सून दोन पावलं पुढं आली, "टोपलं बंद केलं तर नवस मोडते ना. लेकराले काही झालं तर?"

बघा मंडळी! सगळा थाट गळाला आणि आत एवढंच निघालं — भीती.

लेकरू सुनेनं सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "टोपलं बंद नोका करू. फक्त दार बदला. मासे खात होते ना तुमचं टोपलं? आता मासे नाही. मंग माशाईवर जे जगत होते, त्याईच्या घरी न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी फत्तूजी निघाले. ह्या वेळी गडी नाही. टोपलं स्वतःच्या डोक्यावर, आणि वाट ती जवळची, जिच्यावर कोणी राहत नव्हतं! ढिवरवाड्यात सुखदासच्या दारात टोपलं ठेवलं.

सुखदासनं टोपल्याकडं पाहिलं. "भीक होय का जी?"

"नवस होय," फत्तूजी म्हणाले. "मासे परत येईपर्यंत फेडतो. घे गा. मान खाली घालून आलो हावो, डोक्यावर टोपलं असताना मान खाली घालणं लय कठीण असते!"

सुखदास हसला नाही. पण टोपलं आत गेलं. आणि मग पाळीवर बैठक बसली. फत्तूजींनी तोंड उघडलं, "आता सगळ्याईनं..."

"आधी तुमची नाली!" सुखदास म्हणाला.

झालं! नाली बंद. गिरणीच्या पाण्याला वेगळा खड्डा. गोठ्याचं पाणी परसबागेत. खत मोजून, तेही पाऊस तोंडावर असताना नाही. येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बांधाबांधानं गवताचा रुंद पट्टा राखला — गाळ आणि खत गवतात अडकावं, पाणी गाळून पुढं जावं, आपण चहा गाळतो तसं. धुण्याचा दगड काठावरून उचलून हापशाशी नेला. बायका चिडल्या, मग तिथं सावली करून दिली, मग त्यांनीच दुसरा दगड मागितला! निर्माल्याला पाळीखाली खड्डा. आणि शेवाळाला विष नाही. जाळ्यानं ओढायचं, बांबूनं गोळा करायचं आणि पाण्यापासून लांब नेऊन कुजवायचं. सहा महिन्यांत काळंभोर खत! जे खत फत्तूजींच्या शेतातून पळून गेलं होतं, ते बैलगाडीत बसून परत शेतात आलं!

आता तुम्ही म्हणाल, चला, अखाजीपर्यंत पाणी काचेसारखं झालं, जावळ निघालं, आरती म्हणा, प्रसाद आणा. बसा खाली! वर्षानुवर्षं जेवलेलं पोट एका उपासानं रिकामं होतं का? तळाचा गाळ होता ना खाऊन बसलेला. वरून येणं बंद झालं, तर तो खालून थोडं थोडं सोडायला लागला. ती अखाजी गेली, पाणी हिरवं. पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला, गावानं गाळ उपसला, शेतात घातला. ती अखाजीही गेली. उपसल्या चिखलात लेकरू बुडवता का? तिसरी गेली पाणी निवळण्याची वाट बघण्यात.

आणि इकडं जावळ वाढतंय! कात्री लावायची नाही. नातू रांगायला लागला, केस डोळ्यावर. चालायला लागला, केस खांद्यावर. पाहुणे विचारायचे, "मुलगी का?" अंगणवाडीत बाईंनी दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनीसकट! उवा झाल्या त्या पोराला, खाज आजोबांना! रोज सून फणी घेऊन बसायची, पोरगं बोंबलायचं आणि फत्तूजी ओसरीवर तोंड फिरवून बसायचे. कधी कधी सून मोठ्यांदा म्हणायची, "रड नोको बाबू, आजोबाचं पुण्य होय हे, गुंता झाला थोडा!"

चौथ्या अखाजीला मात्र सुखदास स्वतः आला. ओंजळीत तलावाचं पाणी, आणि त्यात बोटाएवढी पिलं — रोहूची. वैजयंतीनं ओंजळीत डोकावून पाहिलं, बोट बुडवलं, वास घेतला आणि मान हलवली.

गाव घाटावर लोटलं. लेकराला अंघोळ झाली. न्हावी पुढं आला. आणि पोरगं किंचाळलं, "नाही कापनार! माह्या वेण्या हाय!"

चार वर्षांचा होत आला होता तो! त्याला काय ठाऊक, कसला नवस? समजावलं, लाडू दिला, दटावलं. नाही म्हणजे नाही. शेवटी आजोबांकडं बोट केलं आणि म्हणाला, "आधी तुमच्या मिश्या काढा."

मंडळी, त्या मिश्या म्हणजे दोन्ही गालांवर चढलेल्या, तेल लावून पीळ दिलेल्या! फत्तूजींनी सुनेकडं पाहिलं. ती तलावाकडं बघत होती, अगदी मन लावून! सुखदासकडं पाहिलं. तो म्हणाला, "नवस तुमचाच होय ना जी?"

फत्तूजी न्हाव्यापुढं बसले.

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. पळू नका, प्रसाद माझ्याच ताब्यात आहे! तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं? तुमच्या बांधावरचं खत पावसात कुठं निघतं? पिशवीतलं निर्माल्य पुलावरून हात जोडून फेकता, तेव्हा डोळे मिटता ते भक्तीनं, की कुठं पडलं ते दिसू नये म्हणून? देवाला द्या हो, जरूर द्या. पण देण्याआधी एवढं विचारा — हे मी देतोय की टाकतोय? देणारा मूठ बघतो. टाकणारा टोपलं बघतो. म्हणा —

घास घातला, देव धाला ।
रास घातली, नास झाला ॥

आणि आता रेघ मारू. खैरबोडीच्या ह्या नवसाचं कोणी काय भरलं? माशांनी जीव भरला. ढिवरांच्या घरांनी तीन वर्षांचे हंगाम भरले. गाईनं थरथर, बैलांनी तहान. सुनेनं तेल आणि फणी. नातवानं दोन वेण्या, रिबिनीसकट. आणि ज्यानं नवस बोलला त्या फत्तूजींनी, सगळ्यांच्या शेवटी, मिशीचे दोन आकडे!